पिकअपचा पिकअप

करंजी घाटाच्या दुसऱ्याच वळणावर पिकअपनं पिकअप सोडला. बंद पडली नाही. बंद पडली असती तर परवडलं असतं. तिसऱ्या गियरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात आली आणि मागून एक ट्रॅक्टर गाणी वाजवत पुढं निघून गेला. ट्रॅक्टरवाल्यानं जाताना माझ्याकडं जे पाहिलं, ते अजून विसरलो नाही.

गाडी आण्णांची, 2009 ची. मागं पंचवीस गोण्या कांदा, शेजारी पुतण्या. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळं मला सगळ्यातलंच कळतं. चाकाला दगड लावून पुतण्याचा तास घेतला. क्लच घसरत असता तर इंजिन नुसतं बोंबललं असतं आणि गाडी जागच्या जागी राहिली असती; इथं इंजिनच कुंथतंय, म्हणून क्लच निर्दोष. ब्रेक धरला असता तर चाक तापलं असतं. चारही चाकं गार. म्हणजे डिझेल फिल्टर चोंदला. नवा फिल्टर सीटमागं होताच, बदलला. लाइनीत हवा धरली. हातपंप दाबदाबून ती काढण्यात पाऊण तास गेला. गाडी चालू झाली आणि पहिल्यासारखीच कुंथली.

"तात्या, धूर लय काळा येतोय," पुतण्या म्हणाला.

"तू मधे बोलू नको."

खरं तर ओढण्याच्या बाबतीत नगरकरानं मान खाली घालायचं कारण नाही. मलिक-ए-मैदान तोफ 1549 साली नगरलाच ओतली. वजन सुमारे पंचावन्न टन. ती परांड्याला गेली, तिथून विजापूरला. ओढायला दहा हत्ती आणि चारशे बैल होते म्हणतात. आता चारशे बैल म्हटल्यावर एखादा तरी अंग चोरणारच. तो नेमका कोणता, हे धुळीत चालता चालता ओळखणारा एक माणूस त्या लवाजम्यात असला पाहिजे. तोफ ओतणाऱ्याचं नाव इतिहासात आहे, याचं नाही. आण्णा याच्याच वंशातले. आधी बैल, मग गाडी. शेजारी डोळे मिटून बसायचे आणि मधेच म्हणायचे, "तिसऱ्या नोझलचं काही खरं नाही." घाट चढला की माथ्यावर गाडी उभी करायची, बॉनेटवर पंचा टाकायचा आणि त्यावर तळहात ठेवून उभं राहायचं. हात ठेवल्यानं इंजिन थंड होत नाही, हे मी त्यांना विज्ञानासकट समजावून सांगितलं होतं. एकदा नाही, बऱ्याचदा. ते नुसतं हसायचे.

गाडी वळवून करंजीत आणली. उताराला ती झकास पळाली.

मिस्तरीनं एकदाच रेस दिली, धूर पाहिला. "गुरुजी, डिझेल पोटभर जातंय, हवा जात नाही. डिझेल जळायला हवा लागती ना?" हा धडा मी सातवीला शिकवतो. त्यानं एअर क्लीनरची नळी सोडवली, आत बोटं घातली आणि जादूगारासारखा निळ्या काठाचा एक पंचा ओढून काढला. आण्णांचा.

तीन दिवसांपूर्वी घरी सोयरे येणार होते. गाडी कळकट दिसू नये म्हणून मी विहिरीवरच्या पंपानं इंजिन धुतलं होतं, आणि पाणी आत जाऊ नये म्हणून नळीत बोळा कोंबला होता. रिकामी गाडी गावात फिरली, तिनं तक्रार केली नाही. ओझं पडल्यावर बोळा आत ओढला गेला.

"कुणी कोंबला हो हा?"

"वॉशिंगवाल्यानं."

पुतण्या घाटाकडं बघायला लागला. मिस्तरी त्या पंचाला हात पुसणार, तेवढ्यात मी तो हिसकावला.

सगळेच बोळे असे दोन मिनिटांत निघत नाहीत. तो आठवडा डिसेंबर 2023 चा होता. 8 तारखेला कांद्याची निर्यातबंदी झाली आणि भाव बसले. मालात खोट नाही, वजनात खोट नाही, घाटसुद्धा चढून होतो, बोळा दिल्लीत. तिथं कुठला मिस्तरी न्यायचा?

माथ्यावर गाडी उभी केली. नेप्तीच्या बाजारातला कांद्याचा लिलाव तसाही उरकला असणार. पंचा झटकून बॉनेटवर टाकला आणि त्यावर हात ठेवला.

"तात्या, हातानं इंजिन थंड होतं का?"

"तू मधे बोलू नको."