चार रुपयांबद्दल आभार

प्रति,
मा. राज्याच्या तिजोरीचे राखणदार साहेब,
मंत्रालय, मुंबई

विषय: सहा वर्षांखालील लेकरांवर आपण केलेल्या उपकारांबाबत

परमपूज्य साहेब,

पिशोर, तालुका कन्नड, जिल्हा छत्रपती संभाजीनगर येथून हे पत्र लिहीत आहे. आपला वेळ मोलाचा, याची जाणीव आहे. पण एवढे उपकार डोक्यावर घेऊन गप्प बसणे आम्हा गावकऱ्यांना शोभत नाही, म्हणून हा आगाऊपणा.

सर्वप्रथम चार रुपयांबद्दल आभार. अंगणवाडीतल्या एका लेकराच्या एका दिवसाच्या आहाराचा दर 2017 साली आठ रुपये ठरला. निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. म्हणजे आपल्या हातून सुटतात ते चार. त्यानंतर तेल महागले, तूरडाळ महागली, गॅस महागला. 2022 साली योजनेला ‘सक्षम अंगणवाडी आणि पोषण 2.0’ असे भारदस्त नावही मिळाले. दर मात्र आठावरच राहिला. दर वाढवू, असा शब्द 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दिला गेला. तो ऐकून लेकरांना ढेकर आली असेलच. राज्याने पदरचे चार पैसे जास्त घालायला कोणाची मनाई नव्हती, तरीही आपण हात आवरलात. असा संयम ऋषिमुनींनाही जमला नसता.

आपण आमच्या मदतनीस ताईंवर टाकलेल्या विश्वासाने तर ऊर भरून येतो. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने ठरवले होते की तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज सकाळच्या नाश्त्यातून आणि गरम शिजवलेल्या आहारातून 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत. प्रथिनांसाठी अंडे द्यावे, तर बाजारात एक अंडे सहा-सात रुपयांना. उरलेल्या रुपया-दोन रुपयांत बाकीचे ताट ताईंनी कसे भरायचे, ते आपण सांगितले नाहीत. दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ न करण्याचा आपला स्वभाव आम्ही जाणतो.

अंड्यावरून आठवले. शाळेतल्या थोरल्या भावंडांच्या ताटात 2023 साली आपण अंडे वाढलेत आणि 2025 च्या जानेवारीत त्याचा निधी बंद करून ते लोकवर्गणीवर सोडलेत. गावाला दानधर्माची संधी दिलीत, आमच्या पुण्याची एवढी काळजी घेतलीत. असेच पुण्य रस्त्यांच्या आणि पुतळ्यांच्या ठेकेदारांनाही कधी मिळू द्यावे, ही नम्र सूचना.

आता वेळेबद्दल. अंगणवाडी दुपारपर्यंत आटोपते. पिशोरच्या शिवारात कापसाची वेचणी, मक्याची खुरपणी, अद्रकाची काढणी मात्र संध्याकाळपर्यंत चालते. मधल्या तासांत लेकराने कुठे राहावे, या प्रश्नाने आपण आपली झोप मोडू दिली नाहीत, हे बरे केलेत. आमच्याकडे लिंबाची झाडे आहेत, जुन्या लुगड्याच्या झोळ्या आहेत. आणि झोळीतल्या बाळाला झोका द्यायला आठ-नऊ वर्षांची ताई आहे. ती त्या दिवशी शाळेत जात नाही, एवढेच. तिच्या वर्गाचा खडू वाचतो, म्हणजे इथेही आपलीच बचत.

तीन वर्षांखालच्यांना तर आपण पूर्ण स्वातंत्र्य बहाल केले आहे. त्यांना आहाराचे पाकीट घरपोच मिळते. दिवसभर सांभाळायला आमच्याकडे पाळणाघर नाही. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवे, असे 2017 च्या मातृत्व लाभ सुधारणा कायद्याने सांगितले. शेतातल्या मजूर बाईला हजेरीपट नाही, एक मालक नाही, मग पाळणाघर कोणाकडे मागणार? रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असली तर ती सांभाळायला एक बाई नेमावी, असे 2005 च्या कायद्यात लिहिले. ते छान लिहिले. लिहिलेले तसेच जपून ठेवण्यात आपला हातखंडा आहे.

दिवाळी सरली की आमच्या तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीचे कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, मागे थांबायची सोय नाही, म्हणून लेकरेही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतात. लेकराचे नाव गावच्या अंगणवाडीत राहते, लेकरू कारखान्याजवळच्या कोपीत राहते. जिथे नाव तिथे लेकरू नाही, जिथे लेकरू तिथे ताट नाही. आणि 1 जुलै 2025 पासून घरपोच आहारासाठी लाभार्थीचा चेहराही मोबाइलवर पटवावा लागतो. तांड्यावर रेंज नसली तर भूक रेंज येईपर्यंत थांबते. आपण बसवलेली ही शिस्त लेकरांच्या अंगी लहानपणीच मुरते.

अंगणवाडी सेविकांना आपण दिलेल्या मानाबद्दल किती लिहावे! लसीकरणाला माणसे गोळा करायची तर ताई, सर्वेक्षण करायचे तर ताई, 2024 साली लाडक्या बहिणींचे अर्ज भरायचे तर अर्जामागे पन्नास रुपयांवर ताईच. माहिती भरायला दिलेले मोबाइल इतके गुणी निघाले की 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यभर ताईंनी ते परत करून टाकले. 2018 साली संपाचे नाव निघाले तर आपण मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांचा कायदा, लावलात. बोंब झाल्यावर त्याला स्थगितीही दिलीत. जी बाई सरकारी कर्मचारी नाही म्हणून पगार नाही, तीच अत्यावश्यक सेवेत आहे म्हणून संप नाही. एवढी कसरत कायद्यालाही क्वचितच करावी लागली असेल.

त्याच बायांपैकी सेविकेला 2023 साली दहा हजार आणि मदतनिसाला साडेपाच हजार मानधन मिळाले, तेही संपानंतर. डिसेंबरात त्या पुन्हा संपावर गेल्या आणि जानेवारी संपत येईपर्यंत बसून राहिल्या. पुढे आपण आणखी वाढ दिलीत. आपण देता, हे खरेच. फक्त दर वेळी कुलूप लागलेली अंगणवाडी दाखवावी लागते. आणि या बाया ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 25 एप्रिल 2022 रोजी सांगितले. न्यायालयाला सांगावे लागेपर्यंत आपण वाट पाहिलीत, त्या धीराला नमस्कार.

आपण म्हणाल, एवढ्या मोठ्या राज्यात हे जमायचे कसे? साहेब, जमले होते. आमच्याच जिल्ह्यात जमले होते. 2001 च्या सुमारास वैजापूर तालुक्यात बालमृत्यूंनी हाहाकार झाला, तेव्हा विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी मराठवाड्यात एक साधे काम लावून धरले. प्रत्येक लेकरू काट्यावर चढवायचे, खरे वजन लिहायचे, तीव्र कुपोषित मूल लपवायचे नाही, आणि आरोग्य खाते व अंगणवाडी यांनी मिळून त्याला उभे करायचे. त्यातूनच 2005 साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन इथेच, तेव्हाच्या औरंगाबादेत, सुरू झाले. दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचे राज्यातले प्रमाण 2005-06 मध्ये 39 टक्के होते. 2012 च्या पाहणीत ते 23 टक्क्यांवर आले.

त्यानंतर आपण विश्रांती घेतलीत. पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचे प्रमाण 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत 34 टक्के होते, 2019-21 मध्ये 35. इतकी स्थिरता महाराष्ट्राच्या राजकारणातही दिसत नाही.

आणि साहेब, ही वाट दाखवणारेही आपलेच लोक. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही; शाळाच त्यांच्या अंगणात नेली. शेजारच्या कर्नाटकाने 2023 मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ग्रामपंचायतींत चार हजार पाळणाघरे उघडायचे ठरवले. आपण शेजाऱ्याशी सीमेवरून भांडतो, तसे एकदा पाळणाघरावरूनही भांडावे.

आता आभार पुरेत, साहेब. चार मागण्या करतो. आहाराचा दर बाजारभावाला बांधा आणि दरवर्षी आपोआप वाढू द्या. शेतीच्या हंगामात अंगणवाडी संध्याकाळपर्यंत उघडी ठेवा, तिथेच पाळणाघर द्या आणि त्यासाठी वेगळी बाई नेमा. आहेत त्याच ताईंच्या डोक्यावर आणखी ओझे नको. ऊसतोडीला गेलेल्या लेकरामागे त्याचा आहार कारखान्यापर्यंत जाऊ द्या. सेविका आणि मदतनीस यांना पगार, निवृत्तिवेतन आणि कर्मचाऱ्याचा दर्जा द्या.

घटनेच्या 45 व्या कलमात लिहिले आहे की सहा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांचे संगोपन आणि शिक्षण यांसाठी राज्य प्रयत्न करील. माणसाच्या मेंदूची बहुतेक वाढ याच वयात होते. या वयात चुकलेले जेवण पुढे कोणत्याही शिष्यवृत्तीने भरून निघत नाही.

पिशोरकरांनो, हे पत्र साहेबांच्या नावे असले तरी ते वाचतील याचा भरवसा नाही. म्हणून येत्या ग्रामसभेत आपणच उभे राहून विचारा: आपल्या अंगणवाडीत किती लेकरांचे वजन झाले, किती कमी वजनाची निघाली, आणि त्यांच्यासाठी काय केले. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. सहा वर्षांखालच्या लेकराला मत नसते. आपल्याला आहे.

आपल्या चार रुपयांचा ऋणी,
पिशोरचा एक रहिवासी