घरीच शिवलंय!

मराठी लग्नात कुणाच्या ब्लाउजचं कौतुक केलं, की ती बाई नुसतं हसून पुढे जात नाही. आधी पाठ वळवून मागची नाडी दाखवते, मग काठ कुठल्या साडीचा ते सांगते, आणि समोरची पुरेशी गार झाली अशी खात्री पटली की आवाज खाली आणून म्हणते, "घरीच शिवलंय." पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कितीला पडलं गं?" उत्तरही ठरलेलं, "छे, कितीला काय! घरातलीच साडी होती."

हा हिशेब एकदा नीट मांडून पाहायला हवा.

प्रत्येक मराठी घराण्यात एक मधली मावशी असते. तिने लग्नाआधी शिवणाचा क्लास केलेला असतो, तिच्याकडे पायमशीन असतं, आणि कुणाचाही नवा कपडा हातात आला की ती आधी तो उलटा करून आतली शिवण बघते. या मावशीचा एक ब्लाउज घेऊ. साडी आईची, म्हणून फुकट. अस्तर पुण्याच्या रविवार पेठेतलं, तिथवर रिक्षा. अस्तराचा रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळला आणि घरच्या गॅलरीत उन्हाला धरल्यावर जुळेना, म्हणून पुन्हा रिक्षा. दोऱ्याची तीन रिळं : एक मोरपंखी, एक त्याहून जरा गडद आणि एक दुकानदाराने "ताई, हाच बसतो" म्हणून गळ्यात मारलेलं. मग लेस, हुक आणि पाठीवर लोंबायला लटकनं. रिक्षाचे पैसे धरायचे नसतात, कारण येताना भाजीही आणली. मजुरी धरायची नसते, कारण मावशी तशीही घरीच होती. सगळं धरलं तर तेवढ्या पैशांत लक्ष्मी रोडवर तयार ब्लाउज मिळतो, वर चहाचे पैसे उरतात. पण तयार ब्लाउज घातलेली बाई पाठ वळवून दाखवत नाही. मावशीला हवं असतं ते एवढंच, की अख्ख्या कार्यालयात असा दुसरा ब्लाउज नसावा. काटकसर हे फक्त घरच्यांना सांगायचं कारण.

शिलाई मशीनही जगात आलं ते असंच भलतं कारण सांगत. १९२४ साली एका मुलाखतीत गांधीजींना विचारलं गेलं, की तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरोधात आहात का? त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद केला. बायको हाताने टाके घालत शिणते हे पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र केलं, असा त्यांचा समज होता. आयझॅक सिंगर हा मूळचा नाटकातला नट. त्याने १८५१ साली अमेरिकेत पेटंट घेतलं, आणि प्रेमाच्या बाबतीत म्हणाल तर निरनिराळ्या बायकांपासून त्याला वीसहून जास्त मुलं होती. एवढ्या लेकरांची झबली शिवायची तर यंत्राशिवाय गत्यंतरच नव्हतं, असं फार तर म्हणता येईल. त्याच्या कंपनीने त्याच दशकात मशीन हप्त्यावर द्यायला सुरुवात केली, आणि ते घरोघरी शिरलं. आपल्याकडे १९३० च्या दशकात देशी 'उषा' मशीन बनू लागलं. पुढे पुष्कळ घरांत उषा सुनेच्या बरोबरीने माप ओलांडून आत आली, आणि सुनेपेक्षा कमी कुरकुर केली.

मशीन आलं की त्याला काम पुरवावं लागतं. दिवाळीच्या आधी घरात एक अख्खा तागा यायचा. त्यातून थोरल्याचा शर्ट, मधल्याचा शर्ट, धाकटीचा झालरीचा फ्रॉक, उरलं त्यात उशांचे अभ्रे, त्यातून उरलं त्याचा पडदा. भाऊबिजेचा फोटो नेमका त्या पडद्यापुढे काढला जायचा. फोटोत तीन डोकी आणि सहा हात तेवढे स्पष्ट दिसतात, बाकी सगळी फुलंच फुलं. फ्रॉक वाढत्या अंगाचा, म्हणून पहिल्या वर्षी पोटरीपर्यंत, दुसऱ्या वर्षी गुडघ्यापर्यंत आणि तिसऱ्या वर्षी दाब उसवून पुन्हा गुडघ्यापर्यंत. उसवलेल्या दाबाची जुनी रेघ कितीही इस्त्री केली तरी जात नाही. म्हणून तिच्यावर लेस लावायची. शेजारीण विचारायची, "नवीन फॅशन का?" मावशी म्हणायची, "हो."

कापड झालं की मोर्चा केसांकडे वळायचा. १९६० साली 'लव्ह इन शिमला' आला. साधनाचं कपाळ रुंद, म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर तिच्या कपाळावर झुलपं आणली. हा साधना कट मग देशभरच्या कपाळांवर उतरला, कपाळ रुंद असो नसो. पार्लर गावात नव्हतं, असलं तरी परवडत नव्हतं, म्हणून तो व्हायचा स्वयंपाकघराच्या दारात, पाटावर बसवून. शिवणाची कात्री कागदाला लावली तर मावशी हात मोडेल, पण केसांना ती चालते. मात्र ओले केस ताणलेले असतात आणि वाळले की वर चढतात, हे तिला क्लासमध्ये कुणी शिकवलेलं नसतं. ओलेपणी भुवईला टेकलेली झुलपं दुपारी कपाळाच्या मध्यावर जाऊन बसायची. मग सारखी करायला उजवीकडून थोडी, डावीकडून थोडी. शेवटी हेपबर्न राहायची बाजूला आणि शाळेत पोचायचा एक मुलगा.

या घरगुती कारखान्यांना नाकं मुरडणाऱ्यांनी कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये यांची गोष्ट ऐकावी. जन्म १९२९ चा, वडील चित्रकार, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. त्या बायकांच्या इंग्रजी मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं करत. त्यांच्या एका संपादिकेने बुटिक काढलं आणि त्यांना म्हटलं, नुसतं काढतेस कशाला, शिवून बघ. बघितलं. पुढे त्या भानू अथैया झाल्या आणि 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर घेऊन आल्या, भारतातला पहिला. तो पुतळा नीट जपला जावा म्हणून २०१२ साली त्यांनी अकादमीकडेच परत सोपवला. वस्तू जिथे नीट राहील तिथे ठेवायची, ही शिस्त खास आपल्याकडची. 'ब्रह्मचारी' (१९६८) मधली मुमताजची ती नारिंगी साडीही त्यांचीच. नाचताना सुटू नये म्हणून ती आधीच शिवलेली होती, चेन लावून. आज गणपतीच्या मिरवणुकीत ढोल बडवणाऱ्या पोरी शिवलेली नऊवारी पायजम्यासारखी चढवतात आणि आज्या "हे काय नेसणं झालं?" म्हणून नाक मुरडतात. युक्ती पन्नास वर्षांहून जुनी आहे.

केस कापण्यापेक्षा केस धुणं जास्त गुंतागुंतीचं. घरची शिकेकाई म्हणजे शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, गव्हला-कचोरा, मेथी आणि हिवाळाभर गच्चीवर वाळवलेली संत्र्याची सालं. हे सगळं दळायला न्यायचं तर गिरणीवाला डबा बघूनच हात जोडतो, कारण शिकेकाई दळली की दिवसभर गिरणीत शिंकांचा सडा पडतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या ज्वारीला फेस येण्याची भीती असते. शिकेकाई-रिठ्यात सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. ती पाण्यात फेस करतात, तेल-मळ सुटा करतात आणि डोळ्यांत गेली की पूर्वजांची आठवण करून देतात. रविवारी सकाळी वाड्यातून येणाऱ्या किंकाळ्यांचं कारण बहुतेक वेळा हेच असायचं.

या किंकाळ्या थांबवल्या तमिळनाडूतल्या कडलूरने. सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली पंधरा हजार रुपयांवर शाम्पूचा धंदा काढला. पुडीतून शाम्पू विकायची कल्पना त्यांच्या वडिलांची. मुलाने वर योजना आणली : कुठल्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्या आणा आणि एक 'चिक'ची भरलेली पुडी फुकट न्या. बाटली परवडत नसलेल्या घरांत शाम्पू असा पुडीने पोचला. आपल्या मावशीच्या हाती मात्र पुडी लागली की तिची काटकसर जागी होते. ती कोपरा अगदी सुईएवढा कापते, अर्धी पुडी वापरते, उरलेली दुमडून कपड्याचा चिमटा लावते आणि न्हाणीच्या खिडकीत ठेवते. पुढच्या रविवारी त्यात पाणी घालून हलवते. कंपनीने 'एका वेळेसाठी' म्हणून छापलेलं असतं. कंपनीला मावशी माहीत नसते.

मेंदीचंही तसंच. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केसांतल्या केराटिनला धरून बसतं, त्यामुळे पांढरा केस काळा न होता केशरी होतो. म्हणून रात्रभर लोखंडी कढई आणि चहाचं काळंकुट्ट पाणी. चहातलं टॅनिन आणि कढईचं लोखंड एकत्र आलं की काळसर रंग धरतो. युरोपात कित्येक शतकं शाई बनायची ती याच मेळातून. म्हणजे मावशी डोक्यावर थापते ती निम्मी शाईच. फरशीवर पसरलेले पेपर, मेंदीसाठीच राखून ठेवलेला गाऊन आणि चार तास कुणालाही दार उघडायला न जाण्याचा पण, हा त्यातला खरा खर्च.

आता भाचीचं बघा. तिचे केस कुरळे. आईने ते आयुष्यभर तेल चोपडून आणि वेण्या करकचून सरळ करायचा प्रयत्न केला. भाचीने ते मोकळे सोडायचे ठरवले आणि कुरळ्यांसाठी जेल म्हणून एक दिवस गॅसवर जवस चढवला. पाववाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आच, हलवत राहायचं. आजी आशेने डोकावली, कारण जवसाची चटणी तिला प्राणाहून प्रिय. पाच-सात मिनिटांत पाणी दाट झालं, डावातून लांबच लांब तार सुटू लागली. हे गरम असतानाच गाळावं लागतं, गार झालं की कापडातून थेंब उतरत नाही. भाचीने आईचा जुना मलमलचा दुपट्टा पातेल्याला बांधला, पिळून पिळून जेल काढली, बरणीत भरून फ्रिजमध्ये लिंबाच्या लोणच्याशेजारी ठेवली. उरलेला चोथा बघून आजी म्हणाली, "आणि चटणीला?" तो जवस मग भाजलाही गेला, पण त्याची चटणी झाली नाही. रात्री आजोबांनी लोणच्याऐवजी भलती बरणी उघडली, हा भाग घराबाहेर सांगायचा नाही असं ठरलं आहे.

मावशीच्या बोहारणीलाही न दिलेल्या गाठोड्याला अलीकडे बरे दिवस आले आहेत. त्यात सगळ्यात मोठी भरारी खणाची. खण विणला जातो कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला, आणि त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांत महाराष्ट्रातल्या बायका. पन्हा अरुंद, त्रिकोणी घडी, कपाटात थप्पीने. ओटीत आलेला खण दुसऱ्या ओटीत जायचा, तिथून तिसऱ्या. कित्येक खण असे न शिवताच जिल्हे फिरले. मग कुणीतरी त्याचं जाकीट केलं, कुणी पर्स, कुणी आकाशकंदील. २०२० मध्ये त्याचे मास्कही निघाले आणि लग्नात नवरदेवाच्या नाकावर जाऊन बसले. विदिशाहून मुंबईत आलेल्या वैशाली शडांगुळे यांनी आपल्या कपड्यांत खण वापरला. २०२१ साली पॅरिसच्या उंची फॅशन सप्ताहात त्यांचे कपडे रॅम्पवर आले, तेव्हा तिथवर पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला डिझायनर ठरल्या.

इतक्या लांबचं मावशीला दिसत नाही. तिला दिसतो भीमथडी जत्रेतला एक स्टॉल. त्यावर पंचविशीतली एक मुलगी, आणि मागे खणाची जाकिटं. मावशीने एक हातात घेतलं, किमतीचा कागद वाचला, शांतपणे जाकीट उलटं केलं. काखेतली शिवण दोन बोटांत धरून ताणली. अस्तर हाताने लावलंय की मशीनवर, ते पाहिलं. मग आजूबाजूच्या चार बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घरीच होईल हे."

मुलीला या वाक्याची सवय असावी. तिने स्टॉलखालून खणाचा गठ्ठा काढला आणि म्हणाली, "कापडही देते काकू, मीटरवर." मावशीने तीन मीटर घेतलं, घासाघीस करून एक चौकोनी तुकडा वर मागून घेतला. निघताना मुलीने विचारलं, "काखेची शिवण सैल वाटली का? आमचा कारागीर गावी गेलाय, नवीन माणसाने केलंय."

"सैल? टाका मोठा लावलाय त्याने. आणि खण असा आडवा कापायचा नसतो, काठाची नक्षी तुटते."

"तुम्ही शिवाल? पन्नास नग आहेत, संक्रांतीपर्यंत."

मावशीने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मजुरीचा आकडा ऐकला. तो तिला कमीही वाटला आणि जास्तही, म्हणून तिने घासाघीस दोन्ही बाजूंनी करून पाहिली. मग पिशवी खांद्यावर नीट घेत म्हणाली, "अस्तर तुझं, दोरा तुझा. आणि हे बघ, काजं मी करणार नाही. काज-बटणवाला तू शोध."

मुलीने ते वहीत लिहून घेतलं.