रा. रा. ब्रदर यांस, पलंगावरून

रा. रा. ब्रदर यांस,

सा. न. वि. वि. यातला 'साष्टांग' हा शब्द सवयीने लिहिला गेला. खुब्याचं हाड मोडल्यापासून मी उताणाच असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि आता तुमच्या अकरा हजार फॉलोअर्सनाही.

पत्रास कारण की, तुम्ही मला प्रसिद्ध केलंत. ३६ वर्षं शाळेत शिकवून जे जमलं नाही, ते तुम्ही सत्तावीस सेकंदांच्या रीलमध्ये करून दाखवलंत. मला कुशीवर वळवलंत, पाठीला पावडर लावलीत, चादर ओढलीत. मागे बासरी, वर अक्षरं : 'सेवा हाच धर्म'. बासरी मला काही ऐकू आली नव्हती. मला ऐकू आलं ते, 'आजोबा, जरा इकडे बघा.' मी बघितलं. कारण तुमचा एक हात माझ्या पाठीखाली होता आणि तो निघाला असता तर मी फरशीवर असतो. नंतर तुम्ही सुनेला सांगितलंत, 'आजोबांना विचारूनच व्हिडिओ काढला.' खरं आहे. अशा वेळी विचारलं तर माणूस सात-बाराही नावावर करून देतो.

तुमच्या काळजीबद्दल मात्र शंका नाही. माझा चेहरा दिसू नये म्हणून तुम्ही त्यावर एक हसरा पिवळा गोळा चिकटवलात. फक्त डोक्यावरची फ्रेम तशीच राहिली. 'आदर्श शिक्षक', पूर्ण नाव, शाळा, साल. शेजारी औषधांची पिशवी, तिच्यावर दवाखान्याचं नाव. खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या दोन काळ्या टाक्या आणि एक निळी. आठ-आठ दिवस नळाची वाट पाहणाऱ्या या शहरात लोक एकमेकांची घरं टाक्यांवरून ओळखतात, ब्रदर. संध्याकाळी गुलमंडीवर सुनेला कुणीतरी थांबवून विचारलं, 'सरांची लघवीची पिशवी अजून निघाली नाही का?'

एका जुन्या विद्यार्थ्याने खाली लिहिलंय, 'सर, आता कसं वाटतंय?' आठवी ब मधला. त्याचे गणितातले गुण मी भर वर्गात मोठ्याने वाचून दाखवायचो. तो हिशेब त्याचा न् माझा, त्यात तुम्ही पडू नका.

दुसऱ्या दिवशी तुमचं स्टेटस : 'आजोबा झोपले, घरी कुणी नाही, मी आणि माझा चहा.' वेळ दुपारी दोन. चोरांसाठी इतकं चोख वेळापत्रक एसटीनेसुद्धा कधी लावलेलं नाही. शिवाय कुण्या बाईंनी विचारलं, सासूबाईंच्या पाठीला जखम झालीय, काय लावू? तुम्ही माझ्या मलमाच्या ट्यूबचा फोटो टाकून मोकळे झालात. एमबीबीएसवाले इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं उगाच घालवतात.

माझं दुर्दैव एवढंच की माझा आजार फार साधा निघाला. मनोरुग्णालयात असतो तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २४ माझ्या उशाशी उभं राहिलं असतं. तिथे उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीवाचून माध्यमांना देता येत नाही. एचआयव्ही असता तर त्याच वर्षीचा दुसरा कायदा धावून आला असता. आणि त्या दिवशी चादर आणखी वीतभर सरकली असती, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई होतं. तीन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे तुमच्या न् कोठडीच्या मध्ये वीतभर सोलापुरी चादर होती. तिला जपा.

घाटीच्या सरकारी दवाखान्यात भरती असतो, तर तिथल्या कर्मचाऱ्यांना निदान २८ जुलै २०२५ चा शासन निर्णय दाखवता आला असता. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवा. गणवेश, सरकारी गाडी, सरकारी इमारत रीलमध्ये आणू नका. कंत्राटी आणि बाह्यस्रोतातून आलेल्यांनाही हे लागू. वाचून भरून आलं. इमारतीच्या अब्रूची इतकी चिंता! तिकडे गदगच्या सरकारी मेडिकल कॉलेजात फेब्रुवारी २०२४ मध्ये दवाखान्यात रील केल्याबद्दल ३८ विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. घरी येणाऱ्या ब्रदरवर कोण करणार? नर्सिंगच्या मुली हातात दिवा घेऊन शपथ घेतात, रुग्णाचं खासगी ते पोटात ठेवू म्हणून. तुम्हाला नर्सिंग ब्युरोने दिला एक निळा टी-शर्ट आणि बारा तासांची ड्युटी.

पण खरं सांगू का, तुम्हाला कॅमेरामन आम्हीच केलं. तुम्ही आलात त्याच दिवशी पुण्याहून चिरंजीवांचा मेसेज होता : 'बाबांचं जेवण झालं की फोटो पाठवत जा.' मग गोळ्यांचा. मग बीपीच्या मशीनचा. मग पिशवीचा, किती एमएल ते वाचता येईल असा. दिवसाला दहा-बारा फोटो, सगळे 'बाबा अपडेट' ग्रुपवर. तिथे चोवीस माणसं आहेत, त्यातली सात कोण हे मला अजून कळलेलं नाही. एक बहुधा कुणाचा तरी विमा एजंट असावा. माझ्या लघवीला रोज अंगठे मिळतात. चोवीस जणांना दाखवायचं ते अकरा हजारांना का नको, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही, यात तुमची फारशी चूक नाही. रीलबद्दल चिरंजीवांकडे तक्रार केली तर म्हणाले, 'छान आहे की बाबा, मी शेअर केली.'

आणि तुमचं तरी काय आम्ही झाकून ठेवलं? कामावर घेण्याआधी सुनेने तुमचं प्रोफाइल दोन वर्षं मागपर्यंत चाळलं. गणपतीच्या मिरवणुकीत नाचतानाचा एक फोटो सापडला, की लगेच ब्युरोला फोन : 'मुलगा पितो का हो?' खोलीच्या कोपऱ्यात कॅमेरा बसवला तोही तुम्हाला न सांगता. तिसऱ्या दिवशी तुमचं लक्ष गेलं. तुम्ही डबा उघडला होता, भाकरीचा घास हातात होता, वर बघितलंत आणि काही न बोलता भिंतीकडे पाठ करून जेवलात. मी बघत होतो. मला तशी पाठ करता येत नाही, ब्रदर. त्यासाठीसुद्धा तुम्हीच लागता.

तर, उद्या नळाला पाणी आहे, म्हणजे डोक्यावरून आंघोळ. दहाला या. फोन बाहेर फ्रिजवर ठेवा. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याची वायर मी नातीकडून काढून घेतली आहे. पुण्याहून फोन येईल, तो वाजू द्या. पाणी जरा कडकच तापवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
आजोबा

ता. क. : 'आजोबा, ती फ्रेमच काढून ठेवू का?' असं तुम्ही काल विचारलंत. काढायची नाही. ३६ वर्षं खडू खाऊन मिळाली आहे.