ट्रॉफी पोचली, माणूस गेला

प्रति,
मनुष्यबळ विभागाचे मा. प्रमुख,
मौदा व पंचक्रोशीतील समस्त कारखाने, जि. नागपूर

विषय : कुशल तंत्रज्ञांना वाटेला लावल्याबद्दल अभिनंदन.

महोदय,

बॉयलरची नळी गळू लागली की मेक-अप पाण्याचा खप वाढतो, भट्टीचा आवाज बदलतो. स्क्रीनवर इशारा येण्याआधी ज्याला हे कळते, त्या ऑपरेटरला आपण गेल्या वर्षी ट्रॉफी, शाल आणि जेवणाचा डबा दिलात. तो आता गुजरातेत आहे. डबा सोबत नेला म्हणतात.

पगारवाढीने माणसे टिकत नाहीत, हे आपले लाडके मत. हेन्री फोर्ड बिचारा अडाणी. 1913 मध्ये त्याच्या कारखान्यात माणसे सोडून जाण्याचे वार्षिक प्रमाण 370 टक्क्यांवर गेले होते. जानेवारी 1914 मध्ये त्याने रोजी जवळपास दुप्पट करून 5 डॉलर केली, पाळी नऊ तासांवरून आठवर आणली. 1915 मध्ये ते प्रमाण 16 टक्क्यांवर उतरले. त्या 5 डॉलरसाठी कंपनीचे निरीक्षक कामगाराच्या घरी जाऊन तो दारू पितो का, बचत करतो का, हेही बघत. या योजनेतले एवढेच कलम आपल्याला पसंत पडेल.

आपली खरी प्रतिभा मात्र मूल्यमापनात दिसते. केंद्र सरकारच्या उपक्रमांसाठी 2008 मध्ये आलेल्या नियमांत 10 टक्के अधिकारी सुमार ठरवायचेच, अशी सोय होती. त्यांना कामगिरी वेतन नाही. सगळे चांगले निघाले तर? काहून बाप्पा, तसे निघूच कसे शकतात! 2017 च्या नियमांनी ही सक्ती काढून टाकली. 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टनेही अशी क्रमवारी मोडीत काढली होती. परंपरा जपणारे आता आपणच.

आता मौद्याचेच उदाहरण. एनटीपीसीचे इथले केंद्र 2320 मेगावॉटचे : 500 चे दोन संच, 660 चे दोन. संचातून किती वीज घ्यायची हे भार प्रेषण केंद्र सांगते. स्वस्त वीज आधी, महाग नंतर. मग निव्वळ वीजनिर्मितीवर बोनस बांधणे म्हणजे पाऊस किती झाला ते पाहून पंप दुरुस्त करणाऱ्याचा पगार ठरवणे. केंद्रीय वीज नियामक आयोगाला ही गोम कधीच कळली. म्हणून वीजकेंद्राचा स्थिर आकार संच किती चालला यावर नाही, किती वेळ चालायला तयार होता यावर मिळतो. साधारणपणे 85 टक्के उपलब्धता राखली की तो पूर्ण वसूल होतो, विजेला मागणी असो वा नसो.

यंत्राला तयार राहण्याचे पैसे मिळतात. त्याला तयार ठेवणाऱ्या फिटरला मात्र, रात्रपाळीत काहीच बिघडले नाही म्हणून, ‘विशेष कामगिरी’च्या रकान्यात रेघ!

बढतीचेही तसेच. सर्वांत तरबेज इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनला मोठा पगार हवा असेल, तर त्याने साहेब व्हायचे आणि रजेचे अर्ज तपासायचे. कॅलिब्रेशन करत करतच त्याला साहेबाइतका पगार गाठता येईल अशी दुसरी शिडी लावायला आपल्याकडे जागा नसावी. बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा पास झालेल्याचेही आपण टाळ्यांनी स्वागत करता. त्या प्रमाणपत्राचे दरमहा पैसे देणारा मालक सहसा दुसऱ्या राज्यात भेटतो.

तेव्हा येत्या वार्षिक समारंभासाठी एक नम्र सूचना. मंडप, फुगे आणि प्रेरणादायी वक्ता यांचा खर्च एका बाजूला मांडावा. दुसऱ्या बाजूला मांडावा संच अचानक बंद पडल्याचा एका दिवसाचा खर्च आणि नव्या माणसाला पॅनल समजेपर्यंतचे महिने. बेरीज लेखा विभागाकडून करून घ्यावी.

कळावे,
एक हितचिंतक

ता. क. : गुजरातेतल्या ऑपरेटरचा अनुभवाचा दाखला आपल्याकडे अजून अडकला आहे. तेवढा पाठवावा.