काऊन आले जी?

नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये मागच्या महिन्यात एका रविवारी मीटिंग झाली. विषय एकच होता: चौकीदार उद्धट बोलतो.

तक्रार करणाऱ्या ताई पुण्याच्या. मिहानमध्ये नोकरी लागली म्हणून चार महिन्यांपूर्वी इकडे आल्या. रात्री दहाच्या सुमाराला पिण्याच्या पाण्याची कॅन घ्यायला खाली उतरल्या, तर चौकीदार काका खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "तुम्ही काऊन आले जी खाली? मले फोन कराचा ना!"

ताईंच्या कानावर पडलं ते असं: खाली का आलीस? नवं गाव, रात्रीची वेळ, एकटी बाई, आणि समोरचा पुरुष जाब विचारतोय. त्या घाबरल्या, मग चिडल्या, मग स्कीमच्या ग्रुपवर लिहिलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही लिहिलं असतं.

काका म्हणाले होते ते असं: तुम्ही कशाला तसदी घेतली, कॅन मी वर आणून दिली असती.

हा घोटाळा झाला एका अक्षरापायी. पुण्याच्या कानाला मान क्रियापदाच्या शेपटाशी ऐकायची सवय असते. तुम्ही आलात, बसलात, जेवलात. तो 'त' गळाला की वाक्य अंगावर आल्यासारखं वाटतं. आमच्याकडे 'तुम्ही आले' असंच म्हणतात. डॉक्टर म्हणतात, वकील म्हणतात, कॉलेजातले मास्तरही म्हणतात. मान 'तुम्ही'तच येऊन गेलेला असतो. शिवाय काका भंडाऱ्याकडचे. त्यांच्या बोलीत वाक्यागणिक 'जी' येतो आणि तो निव्वळ आदराचा. ताईंना नसलेला 'त' खटकला, असलेला 'जी' ऐकूच आला नाही. राहिला 'काऊन'. पोर रडलं तरी 'काऊन रडतं रे', पाहुणा उन्हातून आला तरी 'काऊन एवढ्या उन्हाचे आले'. त्यात जाब नसतो, काळजी असते.

गंमत अशी की शब्दांचे घोटाळे मनीषनगरात रोज होतात आणि त्यावरून कुणाचं काही बिनसत नाही. ठेलेवाला 'सांबार घ्या' म्हणतो आणि नवखा माणूस इडलीबरोबरचं सांबार शोधत राहतो; ठेलेवाला कोथिंबिरीची जुडी उचलून दाखवतो, विषय संपतो. शेवग्याला मुनगा, चवळीच्या शेंगांना बरबटी, पातेल्याला गंज. आठवडाभरात सगळं अंगवळणी पडतं. 'स्कीममध्ये राहतो' म्हटलं की पुण्याच्या माणसाला आधी पैसे गुंतवायची योजना आठवते, मग कळतं की इमारत. वस्तू हातात धरून दाखवता येते. सूर दाखवता येत नाही, तिथेच सगळं अडतं.

आणि ही बोली वाऱ्यावरून आलेली नाही. नागपूर आधी मध्य प्रांताची आणि पुढे 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. कचेरीत, बाजारात, विधानसभेत मराठी आणि हिंदी शेजारी शेजारी बसत होत्या. आमच्या 'करून राहिलो'मध्ये 'कर रहा हूँ' ऐकू येतं ते त्या शेजारामुळे. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा खंड 1905 साली निघाला. त्यात घर सोडून गेलेल्या आणि परतलेल्या मुलाची एकच गोष्ट बोलीबोलीतून लिहून घेतली आहे. वऱ्हाडी आणि नागपुरीही त्यात आहेत, मराठी म्हणूनच आहेत. बोली कोणतीही असो, बाप आपल्या पोराला ओळखतोच.

आता उलट बाजू सांगते, कारण ती मीटिंगमध्ये कुणी विचारली नाही.

याच ताईंनी गिझरसाठी एका इलेक्ट्रिशियनला बोलावलं होतं. त्याने खर्च सांगितला. ताई म्हणाल्या, "बरं, बघते मी आणि कळवते हं तुम्हाला." पुण्यात हा सभ्य नकार झाला. समोरच्याचं मन दुखवायचं नाही, म्हणून नाही हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आमच्या इलेक्ट्रिशियनने त्याचा अर्थ जसा बोलला तसा घेतला: बाई बघणार आहे, कळवणार आहे. मंगळवारची दुपार त्याने मोकळी ठेवली, बेसा रोडवरचं दुसरं काम पुढे ढकललं. फोन आला नाही. मला भेटला तेव्हा म्हणाला, "नाई म्हनले असते तं काय झालं असतं ताई?" त्याच्या लेखी ती बाई खोटारडी ठरली. ताईंच्या लेखी काका उद्धट ठरले. दोन्ही निवाडे चूक, दोन्ही अगदी सारखेच चूक.

पण पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या त्या एकाच निवाड्यासाठी. गैरसमज दोन्हीकडून झाला, समज मात्र चौकीदाराला देण्यात आली. ज्याची दुपार वाया गेली त्याच्यासाठी कोणत्या ग्रुपवर कोण लिहिणार होतं? यातलं हे एक मला सहन होत नाही. बोलण्याचा अर्थ कुणाच्या कानाने लावायचा, हे नेहमी वर राहणारा ठरवतो, आणि बदलायचं ते नेहमी गेटवर बसणाऱ्याने.

मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि 'काऊन' आणि 'जी'चा अर्थ सांगितला. ताईंना दोन मिनिटांत कळलं. "मला खरंच माहीत नव्हतं," म्हणाल्या आणि तक्रार मागे घेते म्हणाल्या. विषय तिथेच संपायला हवा होता. पण आमच्याच माणसांनी तो संपू दिला नाही. "ते ठीक आहे, पण चौकीदाराने शुद्ध बोललं पाहिजे, स्कीमची इमेज असते," असं एक गृहस्थ म्हणाले. ते यवतमाळचे. माना डोलावणारे वर्ध्याचे, अमरावतीचे, काटोलचे. यांच्या आया आजही फोनवर 'जेवला का रे, मले सांग' म्हणतात आणि हे आतल्या खोलीत जाऊन, दार लोटून 'हाव माय' म्हणतात. दाराबाहेर मात्र यांना तो शब्द चौकीदाराच्या तोंडी नको.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या ग्रुपवर फुलांचा पाऊस पडला होता. ज्या लीळाचरित्राला मराठीतला पहिला गद्यग्रंथ म्हणतात, ते महानुभाव पंथातल्या म्हाइंभटांनी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात सिद्ध केलं. त्याच पंथातल्या केशोबासांसारख्या पंडितांनी नागदेवाचार्यांना संस्कृतातून प्रश्न केला, तेव्हा आचार्यांनी त्यांना थांबवलं. अशा भाषेने पंथातल्या म्हाताऱ्या बायका नागवल्या जातील, ही त्यांची चिंता होती. सातशे वर्षांपूर्वी, याच विदर्भात, एका गुरूने पंडितांना सांगितलं की तुमची भाषा खाली आणा. आम्ही पार्किंगमध्ये बसून एका म्हाताऱ्याला त्याची बदलायला सांगितली, तीही एकमताने.

काकांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून गेटवर त्यांची मराठी बंद झाली. चूक होण्याची भीतीच नको, म्हणून ते सरसकट सगळ्यांशी हिंदी बोलतात. आम्ही त्यांना दिलेली शुद्ध मराठी ती हीच.

परवा रात्री मी दुकानातून येत होते. पुण्याच्या ताई गेटजवळ उभ्या होत्या, हातात डबा. त्यांनी मुद्दाम आमच्यासारखं जुळवून विचारलं, "काका, जेवले का जी?"

काका खुर्चीतून उठले. "हाँ मॅडम," म्हणाले, "खाना हो गया."