श्रीखंडाशेजारी फिनिक्स

सांगू नये, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या फ्रिजमध्ये, श्रीखंडाच्या डब्याला अगदी चिकटून, कॅमेऱ्याचे रोल ठेवलेत. एखादा नव्हे, चांगलं पुडकं. मी कढीपत्ता मागायला गेले होते म्हणून दिसलं, मुद्दाम कोण डोकावतंय? वहिनी पुटपुटल्या, "यांचे आहेत. थंडच राहायला हवेत म्हणे." नवऱ्याचे शेअर बुडाले तेव्हासुद्धा त्यांचा आवाज इतका खाली गेला नव्हता.

बरं, भावजी एकटे असते तर कुवेतातल्या आमच्या अर्दियातली एक वल्ली म्हणून सोडून दिलं असतं. पण ही साथ आहे हो! फरवानियात आहेत, साल्मियात आहेत. शुक्रवारी सकाळी ही मंडळी वडिलांच्या काळचे याशिका कॅमेरे गळ्यात अडकवून मुबारकियाच्या बाजारात फिरतात. खिशात हजारो फोटो मावणारा फोन, आणि हे छत्तीस फोटोंसाठी श्वास रोखून उभे. छत्तिसाच्या रोलमधून सदतिसावा निघाला तर पेढे वाटायचे बाकी.

रोलचं नाव फिनिक्स २००. करणारी कंपनी हार्मन, इंग्लंडातल्या मॉबर्ली गावची. इल्फर्ड हे नाव जुन्या फोटोवाल्यांना ठाऊक असेल, ती काळी-पांढरी फिल्म बनवणारे हेच. मूळ घराणं १८७९चं. बरीचशी हयात काळ्या-पांढऱ्यात काढली आणि डिसेंबर २०२३मध्ये हार्मनने स्वतःचा पहिला रंगीत रोल बाजारात आणला. उतारवयात रंग सुचले म्हणायचे! आणि निर्लज्जपणा बघा, हा प्रयोग आहे, दाणे ठसठशीत दिसतील, कॉन्ट्रास्ट भडक येईल, हे कंपनीने स्वतःच आधी सांगून टाकलं. यातून येणारा पैसा पुढची रंगीत फिल्म सुधारायला लावू, असंही. म्हणजे शिकाऊ शिंप्याकडे अंगरखा शिवायचा, वर त्याच्या शिकवणीची फी आपण भरायची. आमच्या गावच्या स्टुडिओवाल्याने असले फोटो दिले असते तर लग्नघरच्यांनी त्याला मांडवातून उठवला असता. इथे पदरचे दिनार मोजून घेतात.

गणपतीत भावजींनी आरतीचे फोटो काढले. धुऊन आले तर समईच्या प्रत्येक ज्योतीभोवती लालसर वलय! वहिनींच्या सासूबाईंनी चिपळूणहून व्हॉट्सअॅपवर हात जोडले, साक्षात्कारच झाला म्हणून. खरी गोष्ट अशी, की फिल्मच्या थरांतून आरपार गेलेला उजेड पाठच्या बाजूवर आपटून परत फिरतो. इतर रोलमध्ये त्याला गिळून टाकायला एक वेगळा थर असतो. या फिनिक्सला तो थर नाही. रंगीत फिल्ममध्ये लाल उजेड टिपणारा थर सगळ्यात खाली, म्हणून परतणारा उजेड पहिला त्यालाच धडकतो आणि वलय लाल येतं. हे मला कसं माहीत? भावजींनी मोदकाच्या ताटापाशी उभं करून सांगितलं. तोवर तूप गोठलं.

त्याच फोटोंत प्रसादाच्या शिऱ्याचा रंग मात्र हिरवट आला होता. त्यालाही कारण आहे, भावजींकडे प्रत्येक अपराधाला कारण असतं. आपल्या जुन्या निगेटिव्ह आठवा, नारिंगी असायच्या. फिल्ममधल्या रंगद्रव्यांचे दोष सांभाळून घ्यायला ती नारिंगी छटा मुद्दाम दिलेली असते आणि लॅबची स्कॅनर यंत्रं त्याच हिशोबाने बेतलेली असतात. फिनिक्सची निगेटिव्ह नारिंगी नाहीच, जांभळट. यंत्र गोंधळतं. एकच रोल दोन लॅबमध्ये द्या, दोन निराळे शिरे मिळतील.

आता हा रोल कुठे वापरायचा? मऊ, बेताच्या उजेडात. आणि आम्ही राहतो कुठे? कुवेतात! २१ जुलै २०१६ला इथल्या मित्रिबात ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं, जागतिक हवामान संघटनेने शिक्कामोर्तब केलेलं. दुपारी बाराला आकाश पांढरंफटक, सावली डांबरासारखी. आधीच भडक फिल्म, त्यात हे ऊन. अर्दिया इंडस्ट्रियलमधल्या गॅरेजांचे फोटो मी पाहिले. गाड्यांचे टप जळून पांढरे, आतला कामगार अंधारात गडप. आमच्या इमारतीचा हारीस, म्हणजे रखवालदारसुद्धा, बिचारा फोटो हातात घेऊन विचारत होता, यात मी कुठे?

त्यापुढचं ऐका. भावजी आता रोल घरी धुतात. बाथरूममध्ये! रंगीत फिल्मच्या डेव्हलपरला ३८ अंश तापमान लागतं, सव्वातीन मिनिटं. थंड देशातले लोक त्यासाठी पाणी तापवतात. जुलैत आमच्या गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणीच हात पोळवतं, तेव्हा भावजी बर्फ घालून ते निववतात. परवा पाहुण्यांना कोकम सरबत कोमट मिळालं ते का, कळलं?

बोलायला गेलं की मोठमोठी नावं तोंडावर फेकतात. म्हणे छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरीने कोडाक्रोम फिल्मचा शेवटचा रोल काढला तेव्हा त्यातल्या फ्रेमा मुंबईत येऊन अमिताभ आणि आमिर यांच्यावर खर्च केल्या. हो, पण त्याने अमिताभ टिपला, तुम्ही जमियाच्या, म्हणजे सहकारी भांडाराच्या, पार्किंगमधल्या ट्रॉल्या टिपताय!

कुवेतात कॅमेऱ्यावरून गहजब नवा नाही म्हणा. नोव्हेंबर २०१०मध्ये इथल्या एका इंग्रजी दैनिकाने छापलं होतं की डीएसएलआर कॅमेऱ्यांवर सार्वजनिक जागी बंदी आली. जगभर बोंब झाली, मग त्याच दैनिकाने बातमी मागे घेतली. वहिनींना ती बातमी आज खरी ठरली तरी चालेल. तरी परक्या माणसाचा, त्यातून बायाबापड्यांचा फोटो न विचारता काढायचा नाही, एवढी शिस्त भावजी पाळतात. ट्रॉल्या त्यातूनच आल्या.

न्यायाने एक कबूल करायला हवं. जाबेर स्टेडियम आमच्या अर्दियातलंच, साठ हजार माणसं मावणारं. मॅचच्या रात्री दिवे लागल्यावर भावजींनी रस्त्यापलीकडून एक फोटो घेतला. प्रत्येक दिव्याला लाल कडा, आकाश मोरपिशी, खाली गाड्यांच्या रांगा. हा फोटो फोनवर येणार नाही. वहिनींनी तो बैठकीत लावलाय, मात्र नवऱ्यासमोर कौतुक करत नाहीत.

आणि कहर म्हणजे जुलै २०२५मध्ये फिनिक्स २ आला. दाणे बारीक, रंग सावरलेले, उजेड-सावलीचा तोल बरा. भावजी खूश झाले असतील असं वाटलं ना? छे, सुतकात! "मजा गेली," म्हणाले. म्हणून जुन्या रोलांचं ते पुडकं.

तेव्हा दिवाळीत देशातून येणाऱ्यांना विनंती. कुणी रोल मागवले तर ते हातातल्या पिशवीतच ठेवा. चेक-इन बॅगेत नको, तिथले क्ष-किरण फिल्मची माती करतात, आणि विमानतळावर नवं सीटी स्कॅनर दिसलं तर हाताने तपासा म्हणून सांगा. पोचल्यावर मात्र थेट वरच्या मजल्यावर द्या. माझा फ्रिज भरलाय, असं मी भावजींना आधीच सांगून ठेवलंय.