चॅनल सोळा, व्हाया पैठण

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे आणि समुद्र इथून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीची राजधानी शेजारच्या दौलताबादला हलवली; सोबत समुद्रही आणावा असं त्याला सुचलं नाही, हे त्यातल्या त्यात नशीब. अशा गावात हौशी बोटीसाठी सागरी वॉकीटॉकी घ्यायची टूम निघाली तर लोक हसणारच. पण या निवडीचा विचार घाटावरच नीट होऊ शकतो. समुद्रकाठचा माणूस किती वॅट, पडदा केवढा, रंग पिवळा की काळा, हे बघतो. आपण पाण्याच्या बाबतीत पिढीजात हिशेबी. आपल्याला पहिली शंका येते ती ही, की पलीकडे ऐकायला कोण बसलंय? वॉकीटॉकीची खरी निवड या शंकेच्या उत्तरातच होते, आणि त्या उत्तरासाठी तीन पाण्यांचा प्रवास करावा लागतो.

पहिलं पाणी गावातच, दिल्ली गेटजवळचं सलीम अली सरोवर. इथली बिनतारी यंत्रणा म्हणजे घसा. काठावरून ‘अहो!’ एवढंच ओरडलं की ज्याला हाक मारली तो सोडून बाकी सगळे वळून बघतात. तेव्हा इथे न थांबता पैठणची गाडी धरावी. नक्षत्रवाडी, चितेगाव, बिडकीन, ढोरकीन असा हा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. आपण पाण्याकडे निघालेलो असतो आणि शहराचं पाणी जलवाहिनीतून उलट दिशेने शहराकडे. नळाला ते नेमकं कोणत्या दिवशी येणार याचे अंदाज बांधणं हा तर शहराचा सार्वजनिक छंद. रस्ता संपतो तिथे नाथसागर. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केलेल्या आणि इंदिरा गांधींनी १९७६ मध्ये उद्घाटन केलेल्या जायकवाडी धरणाचा हा जलाशय. भिंत जवळजवळ दहा किलोमीटर, दरवाजे सत्तावीस, आणि भरला की पाण्याचा पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात. ‘तळ्यात कसला आलाय रेडिओ?’ हा पहिला आक्षेप इथे वाऱ्यावर उडून जातो, कारण एवढ्या उघड्या पाण्यावर वारा सुटला की लहान बोटीला ते तळं आहे की समुद्र, याच्याशी काही देणंघेणं नसतं.

तरीही नाथसागरावर सागरी वॉकीटॉकी नेणं हा पैशांचा अपव्ययच. समुद्रावरची सगळी मदार चॅनल सोळावर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर असते. जहाजं आणि तटरक्षक दल तिथे कान लावून असतात, म्हणून त्या संचाला किंमत. नाथसागरावर कोण ऐकणार? १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, पण ते सोळावर असल्याचं कोणत्याही पक्षितज्ज्ञाने नोंदवलेलं नाही. ‘मग दोन संच घेऊ, एक काठावर ठेवू,’ हा पुढचा आक्षेप. पण सागरी रेडिओलहरी वापरायला सरकारी परवाना लागतो. ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले कमी शक्तीचे संच २०१८ च्या नियमांनुसार विनापरवाना चालतात, मात्र त्यांची झेप थोडी आणि सागरी संचाशी त्यांची बोलाचाली नाही. त्यापेक्षा परवानगी काढून पाण्यात उतरावं, अंगात लाईफ जॅकेट, गळ्यात पाणी न शिरणाऱ्या पाऊचमधला मोबाईल, आणि काठावर ‘पाचपर्यंत आलो नाही तर शोधा’ असं बजावलेला एक जबाबदार माणूस. हा माणूस चहाला गेला तर मात्र कोणतंच तंत्रज्ञान कामाचं नाही.

‘पण जास्त वॅटचा घेतला तर?’ वॅटवाल्यांनी पृथ्वी गोल आहे हे लक्षात घेतलेलं नसतं. या लहरी जवळपास नजरेसारख्या सरळ जातात. दोन बोटींत बसलेल्या दोघांचे अँटेना पाण्यापासून मीटरभर उंच असतील, तर हिशेबाने आठेक किलोमीटरवर विषय संपतो. पाचाऐवजी सहा वॅट लावून क्षितिज पुढे सरकत नाही. उलट ऐकणारा शंभर मीटर उंच मनोऱ्यावर असेल, तर तोच हिशेब पंचेचाळीस किलोमीटरपर्यंत जातो. दौलताबादचा, म्हणजे देवगिरीचा डोंगर भोवतालापेक्षा दोनशे मीटरच्या आसपास उंच. तिथे ऐकणारा बसवला तर कागदावर साठ किलोमीटर. यादवांची दूरदृष्टी मोठीच, पण ऐकणारा तिथेही नाही.

म्हणून तिसरं पाणी. रात्री देवगिरी एक्सप्रेस, सकाळी मुंबई, आणि गेटवेहून मांडव्याकडे. इथे जहाजांची वर्दळ आहे, तटरक्षक दल आहे, म्हणजे कान आहेत. ‘तटरक्षक दलाचा १५५४ मोबाईलवरूनही लागतो की!’ लागतो, रेंज असेल तर. शिवाय फोन एकालाच जातो, सोळावरची हाक आसपासच्या प्रत्येक बोटीला; आणि खाऱ्या पाण्याने ओली बोटं मोबाईलचा पडदा ओळखतच नाही. तेव्हा इथे परवान्यासकट संच घ्यावा, आणि तो तरंगणारा असावा. ‘आयपीएक्स सात’ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं; पण न तरंगणारा संच एक मीटरवर थांबून आपली वाट बघत नाही. जमल्यास जीपीएस आणि संकटाचं लाल बटण असलेला घ्यावा. त्या बटणामागे आपल्या नावावर नोंदलेला नऊ आकडी क्रमांक हवा, नाहीतर ते नुसतं शोभेचं.

राहिली बॅटरी. कंपन्या जे तास छापतात ते बहुधा पाच टक्के बोलणं, पाच टक्के ऐकणं आणि नव्वद टक्के गप्प बसणं, असं धरून. मराठवाड्यातल्या कोणत्याही गप्पांत हे प्रमाण आढळत नाही, तेव्हा छापलेल्या तासांवर विसंबू नये. शिवाय बोलायचं बटण दाबलेलं असेपर्यंत आपल्याला समोरच्याचं ऐकूच येत नाही. मदत करणारा ‘कुठे आहात?’ विचारत असताना आपण ‘वाचवा’ म्हणत राहिलो, तर महागातला संचही वाचवत नाही. पलीकडचा कान शोधून झाला, की अलीकडचाही उघडा ठेवावा लागतो. बोटीवर जाण्याआधी आठवडाभर घरच्या फोनवर एक वाक्य बोलून थांबायचा सराव करावा. घरच्यांना काळजी वाटेल, पण तब्येत ठीक असल्याचं तेवढं सांगून टाकावं. एकाच वाक्यात.